टेम्पररी हं!

…नाही, मी म्हणतो फ्रिजची कंबर दुखते का? नाही दुखत! कारण तो स्वयंपाकघरात उभा असतो, आणि त्याच्या पायाशी मी आडवा! माझ्या घरात, माझा पलंग असताना, मी फरशीवर! का? तर मेहुणा आलाय. कसा आला? एक बॅग, दोन उशा आणि दात काढून म्हणतो, "भाऊजी, घराला रंग लावतोय… टेम्पररी हं!"

टेम्पररी! तुम्हाला सांगतो, हा शब्द ज्यानं काढला ना, त्याच्या घरी नक्की मेहुणा नसणार!

आणि मी फसावं? मी? अहो, मी दात बनवतो! दातांच्या डॉक्टरांना लागणाऱ्या कॅपा, कवळ्या आमच्या वर्कशॉपात होतात. खरी कॅप तयार होईपर्यंत डॉक्टर पेशंटला प्लॅस्टिकची बसवतो, "टेम्पररी आहे, जपून चावा, आठवड्यानं या." येतो का कोणी? छे! ती पिवळी पडते, वास मारते, समोरचा बोलताना तोंड फिरवतो, पण हा आपला खूश! खऱ्या कॅपा माझ्या खणात धूळ खात पडल्यात. जोवर ठणकत नाही तोवर टेम्पररी कोणी काढत नाही, हे मला रोज दिसतं, आणि तरी मी मेहुण्याला म्हणालो, "अरे, राहा की!" जीभ झडली नाही माझी!

मग काय, आयत्या बिळावर नागोबा! आधी पलंग गेला, "पाठ धरलीय भाऊजी, टेम्पररी." मग कपाटाचा माझा खण, मग माझी खुर्ची, मग माझा टॉवेल… टॉवेल हो! आता त्या टॉवेलला मी ओळख दाखवत नाही. तिकडे त्याच्या घराचा रंग लावून झाला, वाळला, पोपडे धरून उडायला लागला! मी म्हटलं, "जाऊन बघून तरी ये." तर म्हणतो, "वास अजून आहे हो." वास आहे! ह्याचे मोजे बैठकीत पडल्यापासून शेजारी खिडकी उघडत नाहीत, आणि ह्याला रंगाचा वास सोसत नाही!

बरं, लेक नीट जेवतो की नाही बघायला सासूबाई आल्या. तो ढेकर देतो तो पुढच्या चौकात ऐकू येतो, आणि ह्या बघायला आल्या! दारातूनच म्हणाल्या, "जावईबापू, मी आपली टेम्पररी हं!" आणि बरोबर काय आणलं असेल? स्वतःची गादी! टेम्पररी माणूस गादी घेऊन येतो? सांगा ना!

परवा मात्र माझं डोकं फिरलं. कंबर धरून, भिंतीला टेकत बायकोपुढे उभा राहिलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, "बास! मला माझा पलंग पाहिजे. ह्या घरात एक तर तो राहील, नाही तर मी!"

बायकोनं मान वर केली नाही. म्हणाली, "तो माझा भाऊ आहे. तो कुठे जाणार?"

"आणि मी? मी तुझा नवरा ना?"

"आता विषय काढलाच आहे तर सांगते," बाईनं माझ्याच शर्टाची घडी झटकली, "तुमच्या आधी एका इंजिनिअरचं स्थळ आलं होतं. कळवतो म्हणून गेले. आई म्हणाली, त्यांचा निरोप येईपर्यंत बसून काय राहायचं? तोवर ह्यांना टेम्पररी हो म्हणून टाक."

तुम्हाला सांगतो, फरशी गार लागते म्हणत होतो ना मी? त्या क्षणी अख्खा गार पडलो. पोरं शाळेत जातात आमची! लाज सोडून विचारलं, "मग… आला निरोप?"

"अजून नाही."

अजून! अजून म्हणते! आणि आतून सासूबाई, "येईल गं! मोठी माणसं ती, वेळ लागायचाच!" आणि पलंगावरून मेहुणा, "भाऊजी, टेन्शन घेऊ नका, तोपर्यंत तुम्ही आहातच!"

उशी उचलली आणि स्वयंपाकघरात गेलो. आता दाराची बेल वाजली ना, की सगळ्यांच्या आधी मीच धावतो… न जाणो, इंजिनिअर असायचा! आला तर पाय धरून म्हणणार, "या साहेब, या… फार उशीर केलात हो!"