नळाच्या दिवशी नवी विंडोज

हसू नका बे, पण तलवाड्याच्या आमच्या दूध संस्थेतल्या जुन्या कंपूटरनं एकदा अख्ख्या गल्लीला पाणी पाजलं. दुष्काळाचं साल होतं. मी संस्थेचा सगळा डेटा पेनड्राइव्हवर काढून घेतला अन् कंपूटरवर नवी विंडोज टाकायला घेतली. ती निम्म्यावर आली अन् बाहेर ओरडा झाला, "नळ आले!"

आठवड्यातून एकदा येणारा नळ! आता घरोघरी नळाला मोटारी लागणार, लोडानं लाइट जाणार अन् कंपूटर मधीच बंद होऊन कामातून जाणार. यूपीएस तर कवाच मेलेला.

चेअरमन अण्णांना सांगितलं. ते तसेच गल्लीत जाऊन गरजले, "आज मोटार लावायची न्हाई! लावंल त्याचं दूध उद्या घेणार न्हाई!"

"कावून? तुमचा कंपूटर पाणी पितो का?" बाया लई भांडल्या, पण घागरी मोटारीबिगर भरल्या.

तासाभरानं नवी विंडोज झकास चालू झाली. नाचतच बाहेर आलो, तर गल्लीच्या टोकाची कौसामावशी भरला हंडा घेऊन दारात उभी. लोकांच्या मोटारी सगळं पाणी ओढायच्या, तिच्या नळाला कधी थेंब यायचा न्हाई.

माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणली, "लेकरा, नळ आला की कंपूटर नवा करीत जा!"