आठ वार लोकर, भर उन्हात

इशबेल : थांबू नकोस, चालत राहा. तंबूच्या मागं त्या रोवनच्या झाडाखाली सावली आहे. तिथं बस.

मर्डो : मला काही झालेलं नाही.

इशबेल : नाही कसं? तोंड बघ, उकडलेल्या खेकड्यासारखं झालंय. आणि तुझ्यापायी अख्ख्या मांडवाचं तेच झालंय.

मर्डो : मी काय केलं? ऊन मी आणलं?

इशबेल : कोट तू घातलायस. आपल्या खोऱ्याची रीत आता मी तुला सांगू? लग्नघरातला थोरला पुरुष कोट उतरवत नाही तोवर बाकीचे बटणालासुद्धा हात लावत नाहीत. सगळे तुझ्या खांद्यांकडं डोळे लावून बसलेत, मर्डो. नवरदेवाचा मामा सरबतातला बर्फ काढून मानेला चोळतोय.

मर्डो : तो शहरातला. शहरातली माणसं लवकर वितळतात.

इशबेल : आणि आपला ईवन? तुझा सख्खा मुलगा? कॉलरीत बोट घालून घालून मान सोलली त्याची. आज त्याच्या लेकीचं लग्न, पण तुझ्याआधी कोट काढायचा नाही तो, मेला तरी.

मर्डो : वळण चांगलं लावलंय मी.

इशबेल : काढ तो कोट.

मर्डो : नाही. मेंढी नाही का लोकरीत उन्हाळा काढत?

इशबेल : म्हणून तर जूनमध्ये भादरतो आपण तिला. आणि कमरेला गुंडाळायचा हा निऱ्यांचा किल्ट उन्हात कधी नडत नाही, हे ईवनला कुणी शिकवलं? 'मोजे घोट्यापर्यंत उतरव, स्पोरनची पिशवी पुढून कडेला फिरव, अंगात पातळ सदरा घाल, आणि भराभर जाऊ नकोस, झुलत चाल. निऱ्या हलल्या की वारा आपणच घरात येतो.' तुझंच ना हे? आणि आज स्वतः काय केलंस? खाली वारा खेळतोय, वर जाकीट, जाकिटावर कोट, गळ्याशी भट्टी पेटलेली. आत काही घातलंयस का, ते मी विचारत नाही.

मर्डो : नको विचारूस. तेवढाच काय तो गारवा आहे.

इशबेल : हसवू नकोस मला. चिडलेय मी.

मर्डो : चिडलीस की छान दिसतेस.

इशबेल : मर्डो, सकाळी दार लावून का नेसलास तू?

मर्डो : असंच.

इशबेल : असंच? हा किल्ट मी शिवलाय. लग्न असो, मयत असो, मेंढ्यांची जत्रा असो, तुझ्या मागच्या निऱ्या मी सारख्या करून दिल्याशिवाय तू उंबरा ओलांडला नाहीस कधी. आज आतून कडी. ऊठ. हात वर कर.

मर्डो : इशबेल, लोक बघतील.

इशबेल : लोकांना घामातून काही दिसत नाहीये. कर हात वर... हे काय आहे?

मर्डो : दोरी.

इशबेल : गवताचे भारे बांधायची? ही नारिंगी?

मर्डो : घट्ट बसते.

इशबेल : अरे देवा. पट्टा शेवटच्या भोकात, वर ही दोरी, आणि तरी माझी मूठ आत जातेय.

मर्डो : नको ना गं बघूस.

इशबेल : मला सांगायचं होतंस. रात्रीतून बक्कल मागं सरकवलं असतं.

मर्डो : निऱ्या लावताना रडली असतीस.

इशबेल : रडले असते. निऱ्या मात्र नीट लावल्या असत्या.

मर्डो : आता कळलं ना कोट का नाही काढत ते? डॉक्टरनं जे सांगितलं ते लग्न पार पडेपर्यंत आपल्या दोघांत ठेवायचं, कबूल केलंयस तू. ईवन मेंढपाळ आहे. लोकर आहे तोवर मेंढी धडधाकट दिसते. लोकर उतरली की त्याला एका नजरेत कळतं, ही हिवाळा काढणार की नाही. त्यानं मला आज तसं बघायला नकोय. एलीच्या लग्नाच्या दिवशी तर नाहीच नाही.

इशबेल : आणि तू कोटासकट मांडवात आडवा झालास तर? तेव्हा काय बघतील? माझी पर्स दे. सुई-दोरा आहे त्यात. लग्न म्हटलं की कुणाचं तरी काहीतरी उसवतंच. कोट काढ, जाकीटही काढ. सरळ उभा राहा. आठ वार कापड घालतात किल्टला, कातरत कध्धी नाहीत, ते कशाला? माणूस फुगो नाहीतर सुको, बक्कल तेवढं सरकतं. कापड तेच राहतं.

(तंबूतून बॅगपाइपचे सूर. इशबेल उभ्या नवऱ्याच्या कमरेशी बसून बक्कल उसवते, मागं सरकवून पुन्हा टाचते.)

मर्डो : टोचलं.

इशबेल : टोचायलाच हवं. हलू नकोस. चिलटं चावली तरी हलू नकोस.

मर्डो : मग गा काहीतरी. लोकर भिजवताना तुम्ही बाया गायच्या ते.

इशबेल : आठ वार लोकर, भिजवली ओढ्याला,
माझ्या सजणाच्या कमरेच्या वेढ्याला...

मर्डो : पुढचं विसरलीस?

इशबेल : विसरेन कशी? दोरा संपला, नवा ओवतेय. थांब.
डोंगराचा वारा येऊ दे रे दाराला,
झुलू दे रे राजा, तुझ्या निऱ्यांच्या घेराला.
...झालं. बाह्या दुमड. सदरा कमरेवर जरा सैल सोड, शिडासारखा फुगू दे. सैल सदऱ्यात माणूस भरलेला दिसतो.

एली : आजोबा! लपून काय बसलायस? स्ट्रुअनच्या मामाला खुर्चीवर आडवं केलंय, आता तरी कोट...

इशबेल : एली! नवरीनं असं तंबूमागं हिंडायचं नसतं.

एली : हे काय चाललंय? ही दोरी कसली? आजोबा, केवढा... केवढा वाळलायस तू.

मर्डो : भादरलेली मेंढी बारीकच दिसते.

एली : खोटं बोलतोयस.

मर्डो : हो.

एली : आजी?

इशबेल : माझं लक्ष सुईत आहे.

मर्डो : बाळ, इकडं ये. उद्या विचार. उद्या तुझ्या बापाला समोर बसवून सगळं सांगतो. आज मला तुझं लग्न हवंय. माझं काही नकोय आज.

एली : उद्या नक्की?

मर्डो : शब्द देतो.

एली : बरं. आज नाही विचारत.

इशबेल : डोळे पूस. त्या पांढऱ्या बाहीला नको गं, हा घे रुमाल.

एली : आजोबा, माझ्याबरोबरचा पहिला नाच तुझा आहे. आणि बिनकोटाचा. स्ट्रुअन थांबेल.

मर्डो : मी हळू नाचेन हं.

एली : हळूच नाचायचं. उन्हात भराभर नाही जायचं, झुलत जायचं. आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे ते. आणि ती दोरी दे इकडं.

मर्डो : तुला कशाला?

एली : पोरं आमच्या वरातीच्या मोटारीमागं बांधायला रिकामे डबे गोळा करतायत. दोरी कमी पडतेय त्यांना.

मर्डो : घे. मजबूत आहे. खोरं संपेपर्यंत वाजतील डबे.

इशबेल : कोट माझ्याकडं दे. जा आता दोघं. आधी ईवनच्या समोरून जा, हसत जा.

मर्डो : हा... वारा आला बघ.

एली : तो बघ मामा, कसा उठून बसला! आणि बाबा... आजोबा, बाबा तर बटणं तोडतोय नुसती! सगळे काढतायत!

मर्डो : इशबेल, मागून निऱ्या सरळ आहेत ना?

इशबेल : सरळ आहेत. तू चाल. मी मागंच आहे.