जावयाची शिळी प्रत

सासरे : तिथूनच बोला, जावईबापू. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. लग्नाला सहा महिने झाले, तरी त्या लग्न जुळवणाऱ्या वेबसाइटवर तुम्ही अविवाहित कसे? पोरगी परत नांदायला येते की नाही, ते तुमच्या उत्तरावर आहे.

जावई : बाबा, मी अविवाहित फक्त तुमच्या शहरात आहे.

सासरे : वा रे वा! म्हणजे दर शहरात वेगळा संसार?

जावई : तसं नाही हो! ती वेबसाइट आमच्याच कंपनीची, माहिती साठवायचं काम माझंच. मुख्य नोंदीत मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ‘विवाहित’ केलंय. हा बघा माझा फोन.

सासरे : आणि हा बघा माझा. ‘अविवाहित. मनमिळाऊ मुलीच्या शोधात.’ परवा माझ्या बहिणीने वाचलं आणि पोरीला दाखवलं. तेव्हापासून ती नुसत्या चादरी धुतेय. धुतलेल्याच परत धुतेय.

जावई : तुमच्या शिलाईच्या दुकानातलंच सांगतो. काळा-पांढरा दोरा कुठे ठेवता?

सासरे : मशीनपाशी. रोज लागतो. विषय बदलू नका.

जावई : आणि जांभळा?

सासरे : माळ्यावर. वर्षातून एकदा लागला तर लागला.

जावई : तेच! लोक जे सारखं उघडतात, त्याची प्रत आम्ही त्यांच्याच शहरात हाताशी ठेवतो. मूळ नोंद बदलली की सगळ्या प्रती बदलायच्या, तेवढं माझ्याकडून राहिलं. चूक माझीच, कान धरतो.

सासरे : आणि ती शिळी प्रत सहा महिने तशीच?

जावई : तेच तर कोडं आहे. आठ दिवस कोणी उघडली नाही, तर ती आपोआप जाते. माझी गेलीच नाही. इथून कोणीतरी रोज उघडतंय, कधी कधी तर दिवसातून दहादा.

सासरे : कोण असेल असा रिकामटेकडा?

जावई : वेळ दिसते ना. सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत. दुपारी एक ते चार बंद.

मुलगी : (आतून) बाबा, ही तर आपल्या दुकानाची वेळ!

सासरे : तू चादरी धू गं! ... अहो, मापं देताना गिऱ्हाईक नुसतं उभं असतं. म्हटलं, आमचे जावई तरी दाखवावेत. त्या फोटोत कोटाचे खांदे काय झकास बसलेत! कोट दुसऱ्याने शिवलाय, तरी सांगतो.

मुलगी : आणि खाली काय लिहिलंय, ते एकदाही वाचलं नाहीत?

सासरे : फोटोच्या खाली जायला चष्मा लागतो. तिघा-चौघांनी आपल्या मुलींसाठी विचारलंसुद्धा. मला वाटलं, थट्टा करतायत.

जावई : ती शिळी प्रत पुसली, बाबा. आता उघडा.

सासरे : (चष्मा लावून) ‘विवाह झाल्यामुळे ही नोंद बंद केली आहे.’ अरेच्चा, फोटोही गेला? आता उद्यापासून लोकांना दाखवू काय?

मुलगी : बॅग भरायला मला अर्धा तास लागेल, बाबा. तोवर दारात उभा आहे त्याला बसा तरी म्हणा.