मागच्या खोलीतली चूल

मंडळी, नाम घेतलंत, टाळ वाजवलेत. आता टाळ मांडीवर ठेवा आणि मला एक सांगा. “मला येत नाही” असं म्हणणारा माणूस नम्र असतो की गर्विष्ठ?

बघा, पुढच्या ओळीतल्या काकू म्हणाल्या, नम्र. मलाही तसंच वाटायचं. आता आमचे मृदंगावरचे गणपततात्या — चाळीस वर्षं म्हणताहेत, स्वयंपाकातलं मला काही येत नाही. केवढे नम्र! आज सकाळी देवळाचा आचारी तापानं झोपला. प्रसादाचा शिरा कोण करणार? मी तात्यांकडे पाहिलं, तात्यांनी मृदंगाकडे पाहिलं. पुढं काय झालं ते शेवटी सांगते. आधी कुमुदची गोष्ट ऐका.

तापीकाठचं एक गाव. तिथं कुमुद चौधरी हायस्कुलात गणित शिकवायची. वय पंचेचाळीस, बाई कडक. वर्गात शिरल्या शिरल्या तिला कळायचं — हे पोरगं गणिताचं, हे नव्हे. गणिताची मुलं खिडकीकडच्या रांगेत, बाकीची भिंतीकडे. जूनमध्ये जो भिंतीकडे बसला, तो मार्चपर्यंत भिंतीकडेच.

तिची आई रेवाबाई. तिच्या हातची खापराची पोळी पंचक्रोशीत नावाजलेली. ही पोळी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. चुलीवर मातीचं मोठं खापर पालथं घालायचं. पुरण भरलेला गोळा लाटायचा नाही. पोळपाट नाही, लाटणं नाही. दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवायचा, तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत. आणि मग ती रुमालासारखी पातळ पोळी तापल्या खापरावर अलगद सोडायची. लोक म्हणत, रेवाबाईचा हातच तसा, देवाची देणगी.

कुमुदही तेच म्हणायची. तिनं जन्मात कधी एक गोळा हातात घेतला नाही. कारण काय? रेवाबाईची मुलगी आणि पोळी फाटकी — असं कुणी म्हणालं तर?

मंडळी, सापडला का गर्व? अजून नाही? चला पुढं.

गेल्या भाद्रपदात रेवाबाई गेली. वैशाखात आखाजी आली. आपण अक्षय्य तृतीया म्हणतो, तिकडे आखाजी. त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर पुजतात आणि पोळीचा घास निखाऱ्यावर ठेवतात. आई गेल्यानंतरची पहिली आखाजी.

सुरतेहून भावाचा फोन आला. “ताई, पोळ्या बचत गटाच्या बायकांकडून मागव. तुला काही ते यायचं नाही.”

“नाहीच येत मला,” कुमुद म्हणाली.

फोन ठेवला आणि तिला आठवलं. रेवाबाई दरवर्षी स्वतःच्या आईसाठी घास ठेवायची तेव्हा म्हणायची, “माझ्या हातचं आहे वं माय, गोड मानून घे.” आता आपण कुणाच्या हातचं म्हणून सांगायचं?

आखाजीला दहा दिवस होते. कुमुदनं ठरवलं, करून बघू. पण कुणी बघता कामा नये.

आता खापराची चूल कुठं मांडतात? अंगणात. मोठी लाकडं, मोठा जाळ, मोकळी हवा. आपल्या बाईंनी कुठं मांडली? मागच्या खोलीत. खिडक्या लावल्या, दाराला कडी घातली, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून रेडिओ मोठा केला. वहीत लिहिलं, पीठ इतके ग्रॅम, पाणी इतके मिलिलिटर.

पहिला गोळा कोपरावरून घसरून पायावर पडला. दुसरा मनगटावरच्या घड्याळात अडकला. तिसऱ्यातून पुरण सगळं बाहेर. डोळ्यांतून पाणी वाहतंय. धुराचं की कशाचं, ते तिचं तिला माहीत. चौथा गोळा खापरावर पडला खरा, पण घडी होऊन. आणि बाहेर कौलांतून धुराचे लोट.

“रेवाच्या घराला आग लागली वं बाई!”

ही आरोळी शेजारच्या सुपडाबाईची. वय पंच्याहत्तर. हिचं आणि रेवाबाईचं पन्नास वर्षांत एकदाही पटलं नव्हतं. पण आग म्हटल्यावर बाई बादली घेऊन सगळ्यांत पुढं. गल्ली गोळा झाली, कडी तुटली, आणि सुपडाबाईनं आख्खी बादली चुलीवर ओतली.

तापलेलं खापर, त्यावर गार पाणी. काय होणार? टण्ण असा आवाज झाला आणि रेवाबाईच्या खापराची दोन शकलं झाली.

रेडिओवर बाजारभाव चालले होते. कुमुद केसांत पीठ, पायावर पुरण अशी उभी. सगळी गल्ली बघतेय. ज्याला भ्याली, तेच झालं. ती खाली बसली आणि ते दोन तुकडे एकमेकांना लावून बघू लागली.

“आईचं होतं,” एवढंच म्हणाली.

सुपडाबाई तिच्याशेजारी बसली. “आईचं होतं, पण पाचवं होतं. चार मी फुटताना पाहिलीत.”

“काय?”

“मग काय, तुझी आई खापर घेऊन जन्मली होती? लग्न होऊन आली तेव्हा तिची पहिली पोळी अंगणात आमच्या कुत्र्याच्या पाठीवर पडली. भाजलं नाही बिचारं, पण आठ दिवस तुमच्या घराकडे फिरकलं नाही.”

दारातल्या बायका हसल्या. कुमुदलाही हसू आलं.

“आईनं मला कधी सांगितलं नाही.”

“ती कशाला सांगेल? आणि तू तरी कधी विचारलंस? ऊठ. घड्याळ काढ. माझं खापर माझ्या अंगणात आहे, तिथं ये.”

“अंगणात? सगळे बघतील, मावशी.”

“बघितल्याशिवाय चुकतंय कुठं ते कोण सांगणार? ही बघ तुझी, पोळी आहे की नकाशा?”

“मी गणिताची आहे.”

“मग भोकं मोज.”

आठ दिवस, मंडळी. रोज संध्याकाळी, भर गल्लीत. एक म्हणे पुरण घट्ट आहे, पीठ सैल आहे, दोन्ही सारखं मऊ कर. दुसरी म्हणे बोटं रुतवू नकोस, नखं लागतात. पहिल्या दिवशी एकही पोळी खापरावर नाही. तिसऱ्या दिवशी एक, तीही चौकोनी. सहाव्या दिवशी सुपडाबाईनं पोळीचा तुकडा मोडून खाल्ला आणि दुसरा मागितला.

आखाजी आली. कुमुदनं घागर पुजली, पोळीचा घास निखाऱ्यावर ठेवला. काठ जाड होता, मधे बोट जाईल एवढं भोक होतं.

“माझ्या हातचं आहे गं आई,” ती म्हणाली. मग हळूच, “एक भोक आहे.”

मागून सुपडाबाई म्हणाली, “पुढच्या आखाजीला बुजेल.”

जूनमध्ये शाळा उघडली. कुमुदबाई वर्गात आल्या. मुलं सवयीनं वाटून बसायला लागली, काही खिडकीकडे, काही भिंतीकडे. बाई म्हणाल्या, “उठा सगळे. कुठंही बसा. आणि ज्याचं गणित चुकेल त्यानं फळ्यावर येऊन सगळ्यांसमोर चुकायचं. आधी मी चुकून दाखवते.” आणि खडूनं त्यांनी फळ्यावर एक पोळी काढली, भोकासकट.

तर काकू, आता सांगा. “मला येत नाही” म्हणणारी कुमुद नम्र होती? नम्रपणा असता तर तिनं दार उघडं ठेवलं असतं. कडी घातली होती ती गर्वानं. मी वाईट दिसता कामा नये, हा गर्व. आपल्या प्रत्येकाच्या घरात अशी एक मागची खोली आहे. कुणी तिथं न येणारं इंग्रजी लपवलंय, कुणी न जमणारा मोबाईल, कुणी सुनेशी दोन शब्द गोड बोलणं. चूल अंगणात आणा. लोक हसतील. आणि हसता हसता सांगतील, पुरण घट्ट झालंय.

आता शिरा. तात्यांनी केलाय, आयुष्यात पहिल्यांदा. खालून थोडा लागलाय, साखर जरा पुढं गेलीय. प्रसाद आहे, सगळ्यांनी घ्यायचा. आणि जाताना तात्या विचारतील, कसा झाला? तेव्हा उगाच छान म्हणू नका. काय चुकलं ते सांगा. पुढच्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी तेच करणार आहेत.