प्रल्हादरावांनी कापलेला खर्च

सभेच्या अध्यक्षा शोभनाताई, मंडळाचे ज्येष्ठ सल्लागार जगन्नाथकाका, आजचे सत्कारमूर्ती प्रल्हादराव, शुभावहिनी आणि एवढ्या बर्फातून गाड्या काढून आलेल्या नेपरव्हिलकर मित्रमैत्रिणींनो,

प्रल्हादराव आणि मी एकाच कॉलेजात. मी गणित शिकवतो, ते एकोणीस वर्षं खेळ विभागाचं बजेट सांभाळतात. साठीच्या आतच रिटायर का होताय, असं आज प्रत्येकजण त्यांना विचारतोय. ते म्हणतात, "बागकाम करायचंय." वहिनी, ह्या माणसानं कधी तुळशीला तरी पाणी घातलंय का हो?

गेल्या वर्षी, २००५ मध्ये, कॉलेजनं कॉन्फरन्स बदलली. म्हणजे ज्या गटातल्या कॉलेजांशी आपले संघ खेळतात, तो गटच बदलला. नव्या गटात मोठी नावं, टीव्हीचे पैसे, बास्केटबॉलला तुडुंब गर्दी. समितीत मीही "हो" म्हणालो. प्रल्हादरावांनी एवढंच विचारलं, "मोहन, जुन्या गटातलं सगळ्यात लांबचं कॉलेज बसनं तीन तासांवर. संघातल्या पोरी रात्री जेवायला परत येतात. आता विमानं, हॉटेलं, बुडालेली लेक्चर्स. हे कुठे धरलंत?"

धरलं नव्हतंच! टीव्हीचे पैसे यायला तीन वर्षं, प्रवासाचा खर्च मात्र पहिल्या महिन्यापासून. मग ठरलं, मुलींचा पोहण्याचा संघ बंद करायचा. अठरा मुली. निम्म्याजणी पोहण्याच्या स्कॉलरशिपवरच शिकणाऱ्या. आणि सगळ्याजणी वहिनींचे शेंगदाण्याचे लाडू हक्कानं मागणाऱ्या.

पुढच्या बैठकीत प्रल्हादरावांनी नवं बजेट मांडलं. त्यात संघ होता आणि आकडेही जुळत होते. मास्तर आहे मी, तीनदा तपासलं. चौथ्यांदा लक्षात आलं. खर्चातून एकच ओळ गेली होती, त्यांच्या स्वतःच्या पगाराची.

वहिनी, तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय, तुम्हालाही हे आत्ताच कळतंय.

गेल्या शनिवारी नव्या गटातली पहिली स्पर्धा झाली. आपल्या मुली शेवटच्या आल्या. प्रल्हादराव काठावर उभे राहून टाळ्या वाजवत होते, एकटेच. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

मंडळानं मला बोलायची संधी दिली, त्याबद्दल आभार. काही कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला. प्रल्हादराव, हे कुणाला सांगायचं नाही म्हणून तुम्ही मला शपथ घातली होती. ती मोडल्याची क्षमा मात्र मी मागणार नाही. वहिनी, रागवायचं ते उद्या रागवा. आज त्यांचा हात धरून घरी न्या.