मेहुण्याच्या नावाचा कोळी

नवरा : ...म्हणून सांगतो, साम्राज्यं बुडतील, पण मी आज घेतलेला सूड पृथ्वीवर कोळी आहेत तोवर टिकेल!

बायको : टिकू दे. ती कोळ्याची बाटली आधी फ्रिजमधून काढा. लोण्याला स्पिरिटचा वास लागलाय.

नवरा : नुसता कोळी नाही तो. तुझा भाऊ आहे.

बायको : काय बोलताय!

नवरा : नवी जात आहे, मला सापडलेली. तिला त्याचं नाव देतोय.

बायको : अगंबाई! तुम्ही शोधलेला कोळी त्यानं स्वतःच्या नावावर छापला, तेव्हापासून तोंड पाहत नव्हतात त्याचं. आज एवढा मान?

नवरा : मान? ऐक. कोळ्यांत नराचं बीज तयार होतं पोटात, पण हत्यार असतं तोंडापाशी, दोन आखूड हातांच्या टोकाला. इवलंसं जाळं विणायचं, त्यावर थेंब टाकायचा, तो हातांत ओढून घ्यायचा आणि मग मादीकडे निघायचं.

बायको : जेवणं व्हायचीत अजून.

नवरा : जुन्या घराण्यांत ते हत्यार म्हणजे साधी पिचकारी. पुढे कोट्यवधी वर्षांत त्याला आकडे फुटले, पीळ पडले, स्प्रिंगा आल्या. जातीजातीची किल्ली वेगळी, माद्यांची कुलपंही वेगळी. याचं घराणं तर सगळ्यांत नटवं. आणि हा?

बायको : काय केलं त्यानं?

नवरा : परत साधी पिचकारी! भाऊबंदांकडे झुंबरं, याच्याकडे मेणबत्ती. तीही एकदा वापरली की टोक मोडून मादीतच अडकतं. आयुष्यभर उत्क्रांतीवर भाषणं ठोकणारा तुझा भाऊ, आता उलटा चालत गेलेला प्राणी म्हणून ओळखला जाईल.

बायको : त्यानं नाव बदलून घेतलं तर?

नवरा : छ्या! एकदा छापलं की कुणाच्या बापाला बदलता येत नाही. नियमच आहे.

बायको : आणि नावापुढे नाव ठेवणाऱ्याचं आडनाव लागतं, तोही नियमच ना?

नवरा : अर्थात. माझं लागणार.

बायको : म्हणजे त्या पिचकारीला कुणी हाक मारली की आधी तो, पाठोपाठ तुम्ही. पृथ्वीवर कोळी आहेत तोवर. आपल्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तुम्ही दोघं इतके चिकटून उभे नव्हतात.

नवरा : (फ्रिज उघडून बाटली बाहेर काढतो.)

बायको : आणि ते आडनाव मीही लावते, म्हटलं.

नवरा : (बाटली उजेडात धरून) चालेल. सूड म्हटला की आपलाही थोडा सदरा जळतो.

बायको : मग पाठवा की लेख. अडलंय कुठे?

नवरा : हत्याराचं चित्र असल्याशिवाय छापत नाहीत. आणि माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशी चढलीय.

बायको : दुसऱ्या कुणाचा आणा.

नवरा : एवढा चांगला गावात एकाकडेच आहे. ...अगं, तुझ्या भावाला जरा फोन लावतेस का? म्हणावं, रविवारपर्यंत मिळेल का.