सिमेंटची भिंत

जुन्या रांचोवरचं, म्हणजे शेतमळ्यावरचं, मातीचं घर लोकांना बघण्यासाठी नव्यानं उभं केलं होतं. तिकिटाच्या रांगेत योलांदाच्या पुढे म्हातारे बहीणभाऊ होते.

"एलिसेओ, भिंत बघ. आई लिंपायची तशीच लिंपलीय."

"दिसतंय, देलफिना."

"दर वर्षी पाऊस सरला की आपण चिखल तुडवायचो."

"आईचे हात फुटायचे. बघवेना, म्हणून मी सिमेंट थापलं."

"अन् ओल आतच कोंडली. भिंती खचल्या."

"ठाऊक आहे गं."

"घर सोडताना ती तुला एका शब्दानं बोलली नाही."

"बोलली असती तर बरं झालं असतं."

"चल, स्वयंपाकघर बघू."

"तू ये बघून. मी भिंतीला टेकतो जरा."

"टेकू नकोस रे. हात लावू नका, अशी पाटी आहे."

"ही पाटी तेव्हाच लावायला हवी होती."